पेरावरून मागे आलेला अंगठा

मंडईत एक भाजीवाली मेथीच्या जुड्या बोटांच्या पेरांवर मोजत होती. मी नजर वळवली.

लोकसंख्येच्या पाहणीत भरून आलेल्या फॉर्ममधल्या चुका घरोघरी जाऊन दुरुस्त करायचं काम मी पूर्वी करायचे. एका बाईंच्या फॉर्मवर मुलं पाच होती आणि घरातल्या माणसांच्या यादीत मुलं चारच. त्या बाईंना पुन्हा विचारलं. त्यांनी अशीच पेरांवर मोजली. दुसऱ्या पेरावर अंगठा जरा जास्तच थांबला, मग पाचापर्यंत गेला.

"घरात तर चारच दिसतात," मी म्हणाले.

त्यांनी हाताकडे पाहिलं आणि अंगठा एक पेर मागे घेतला. "मग चारच लिहा, ताई."

मी पाच खोडून चार केले. फॉर्म जुळला, मला बरंही वाटलं. प्रश्न जन्माला आलेल्या मुलांचा होता, हयात मुलांचा नव्हता, हे परतीच्या जीपमध्ये लक्षात आलं. जीप वळवा, असं मी म्हटलं नाही. ते गेलेलं मूल जगातल्या एखाद्या कागदावर असेलच, तर त्या पाचात होतं.

भाजीवालीचा मोजण्यात घोळ झाला. ती पहिल्या पेरापासून पुन्हा मोजू लागली. तिला कोणी टोकलं नाही.