सपाट माप

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की ज्याच्या कपाळावर आठी पडते, असा दुकानदार उभ्या सांगली जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मेव्हणीचा सासरा निघाला. फौजेच्या दवाखान्यात उमेदीची वर्षं घालवून, सुभेदार होऊन ते पलूसला परतले आणि मुलाच्या औषधाच्या दुकानात बसू लागले. परवाना मुलाचा, पण कायदा सुभेदारांचा. गोळ्या-मलमं मुलगा विकायचा. डब्यांचं कपाट मात्र सुभेदारांच्या ताब्यात. तान्ह्या बाळांची पावडर, दूध न पचणाऱ्यांची, साखरवाल्यांची, किडनीवाल्यांची, असे सगळे डबे तिथे उंचीप्रमाणे परेडला उभे असत. कंपनीच्या माणसाने गुबगुबीत बाळाचं चित्र दिलं, ते यांनी भिंतीकडे तोंड करून लावलं. म्हणाले, "हे बाळ आमच्या गावचं न्हाई. उगं आयाबायांना घोर लावतंय."

डबा मागायला आलेल्या माणसाची आधी हजेरी व्हायची. एका बाळंतिणीची सासू डबा घ्यायला आली, तर विचारलं, "सुनंला दूध हाय का?" ती म्हणाली, "हाय की, पर शेजारणीनं डबा आणलाय." सुभेदारांनी कपाटाला कुलूप घातलं. "मग शेजारणीचं बघायला शेजारीण हाय. तुमी घरी जावा आन् सुनंला पोटभर जेवाय घाला." ज्याला खरीच गरज असे त्याला मात्र ते स्टुलावर बसवून पाणी किती, उकळायचं कसं, माप कसं भरायचं हे तिथल्या तिथे करून दाखवायला लावत. त्यांच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना साखरेचा आजार. त्यांनी बिनसाखरेची पावडर नेली आणि चव लागेना म्हणून तीत गूळ किसून घातला. "साखर न्हाई म्हणला हुता, गुळाचं कुठं बोलला?" हा मास्तरांचा बचाव. सुभेदार तडक त्यांच्या घरी गेले आणि गुळाची ढेप काखेत मारून आले. ती पुढे दुकानाच्या माळ्यावर मुंग्यांनी संपवली.

माझं आणि त्यांचं बिनसलं ते शिगेवरून. मी साताऱ्याच्या स्टँडबाहेर हातगाडीवर शेंगदाणे विकत वर आलेला माणूस. मापटं काठोकाठ भरल्यावर वर जो डोंगर उभा राहतो ती शीग. विकताना ती नाइलाजाने देण्यात आणि घेताना ती उकळण्यात माझा जन्म गेला. शिगेशिवाय माप म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ, असं माझी आई म्हणायची. माझ्या मुलीला मुलगा झाला, त्याला दूध सोसेना. डॉक्टरांनी खास पावडर लिहून दिली; साताऱ्यात मिळेना, म्हणून मी पलूस गाठलं. सवयीने विचारलं, "दोन डबे एकदम नेतो. कमी काय करताय?"

"तोंड कमी करा," सुभेदार म्हणाले आणि मलाच स्टुलावर बसवलं. भरल्या दुकानात. मी डब्यातल्या चमच्यात पावडर घेतली, ती अर्थातच शिगेसकट. त्यांनी खिशातली बोथट सुरी काढली आणि चमच्यावरून सपकन फिरवली. "आवं पाव्हणं, ह्या शेंगा न्हाईत. सपाट म्हंजे सपाट."

लोक हसले. मी डबे उचलून तरातरा बाहेर पडलो. घरी येऊन फर्मान काढलं, "त्यो माणूस लय चिक्कू हाय. पहिलाच नातू हाय, चांगलं शीग लावून घाला!"

चार-पाच दिवसांत पोर रडायचंही थांबलं. ओठ सुकले, टाळू खोल गेली, दुपटं कोरडं राहू लागलं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी विचारलं, "पावडर कशी करता? दाखवा." बायकोने चमचा डोंगरासारखा भरला. डॉक्टर म्हणाले, "अहो, इतकं घट्ट या जिवाला सोसत नाही. अंगातलं पाणी आटलंय त्याच्या." कुणी शिकवलं, हे त्यांना विचारावं लागलं नाही. सगळं घर माझ्याकडे बघत होतं.

पोराला दवाखान्यातच ठेवून घेतलं. मेव्हणीकडून कळताच दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सुभेदार आले. हातात पिशवी, खिशात सुरी. डॉक्टरांनी पावडरीची बाटली पुन्हा सुरू करायला सांगितल्यावर प्रत्येक बाटली त्यांनीच केली. सुरी फिरवायची, चमचा डोळ्यांसमोर धरून बघायचा, मगच पाण्यात टाकायचा. मधल्या वेळात खाटेशेजारी ताठ बसून राहायचे. तिसऱ्या दिवशी ते एकदम ओरडले, "भिजलं! दुपटं भिजलं!" अख्खा वॉर्ड जमला. सुभेदारांनी त्या ओल्या दुपट्याला कडक सॅल्यूट ठोकला. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

तेवढ्यावर थांबते तर मी त्यांचे पाय धरले असते. पण पलूसला जाऊन त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली, "साताऱ्याचं एक शेठ हायत, आमचं पाव्हणंच, नाव न्हाई सांगत..." नाव सांगायची गरजच नव्हती. मी लग्नाला गेलो की पंगतीत वाढपी विचारायचा, "शेठ, भात सपाट का शिगेचा?" नातू पाचवीत गेला तरी माझा राग उतरला नव्हता. माफी त्यांनी मागावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

गेल्या दिवाळीत मेव्हणीचा फोन आला, "मामंजी कुणाच्या हातचं घेत न्हाईत. दाजी, तुमाला बोलवाय लागल्यात." गेलो. किडन्या थकलेल्या, अंग चिपाडासारखं झालेलं. उशाला त्यांच्याच कपाटातला डबा. त्यांनी नुसती सुरी माझ्यापुढे धरली. मी पाणी मोजलं, चमचा भरला, सुरी फिरवली, डोळ्यांसमोर धरून बघितला. ते बारीक नजरेने परीक्षा घेत होते. घोटभर पिऊन तोंड वाकडं केलं. "लय बेचव हाय की वं. लोकांनी कसं गिळलं आसंल?"

मग मी दुसरा चमचा भरत असताना हळूच म्हणाले, "पाव्हणं, आज तरी शीग लावा."

"सपाट म्हंजे सपाट," मी म्हणालो.

ते हसले. मी सुरी फिरवली. वरची पावडर डब्यात परत पडली. जन्मभर दुसऱ्याकडून शीग उकळली. त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी आपणहून द्यावीशी वाटली, आणि देता आली नाही.