केकवाल्याच्या ताब्यातले मामा

ऐका हो ऐका! वॉटफर्ड, पिनर आणि आसपासच्या तमाम मराठी जनांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, या इंग्लंड देशात अंत्यविधीचेही दरपत्रक असते, ते दुकानाच्या काचेत लावणे सक्तीचे असते, आणि जिवंत माणसांना ते वाचण्यास कोणतीही बंदी नाही!

ही दवंडी मी मामांच्या हयातीतच पिटायला गेले होते आणि सपशेल आपटले होते. मामा म्हणजे आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलांमधून लोकांच्या छात्या तपासलेले डॉक्टर. शेवटी वॉटफर्डच्या एका केअर होममध्ये होते. मामी पिनरहून रोज बसनं यायच्या, डब्यात मऊ भात घेऊन. मामांनी त्यांच्याकडून एकच वचन घेतलं होतं. "मला पांढऱ्या कपड्यांत न्यायचं. त्रिसरण, पंचशील म्हणायचं. तूप नको, नारळ नको, मंत्र तर नकोच नको." बाबासाहेबांच्या वाटेनं चालणारा माणूस, शेवटच्या वळणावर कुणी दुसरीकडे वळवू नये एवढीच त्यांची मागणी.

मी एकदा मामींना म्हटलं, "बसस्टॉपसमोर फ्युनरलवाल्याचं दुकान आहे ना, त्याच्या काचेत यादी लावलीये. सहज वाचून ठेवू का?"

"तुझ्या जिभेला काही हाड?" मामी कडाडल्या. "माणूस तिकडे सूप पितोय आणि तू इकडे त्याच्या तिरडीचे भाव काढतेस?"

मी यादी न वाचताच बस पकडली. माझ्यासारखी बाई कुणाचं ऐकते तेव्हा समजावं, काहीतरी वाईट होणार आहे.

केअर होममध्ये एक गृहस्थ दर आठवड्याला केक घेऊन यायचे. काळा कोट, पिकलेले केस, आणि आवाज असा की जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय. ते कुणाचे भाऊ, कुणाचे जावई, कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन नाव विचारायचे आणि पुढच्या खेपेला अचूक लक्षात ठेवायचे. मामांना हात जोडून "नमस्ते, डॉक्टर" म्हणायचे. मामा ठणकावून "जय भीम" म्हणायचे. ते हसायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा "नमस्ते".

"हा केकवाला माझी नाडी बघत नाही गं," मामा एकदा माझ्या कानाशी म्हणाले, "लांबी बघतो."

मी खदखदून हसले. पुढच्या आठवड्यात खिडकीजवळच्या आजोबांची खुर्ची रिकामी होती. केक मात्र तेवढाच मोठा होता. त्या दिवशी मी माझा तुकडा तसाच बशीत ठेवला.

मग एका सकाळी होममधून फोन आला. आम्ही धावत पोचलो तर खोलीची खिडकी उघडी, पलंगावर नवी चादर, आणि मामा नाहीत. म्हणजे मामा गेले हे कळलं होतं, पण गेलेले मामाही तिथे नव्हते.

"आमच्या नेहमीच्या मंडळींनी नेलं त्यांना," मॅनेजरबाई मृदूपणे म्हणाल्या.

"कोणत्या मंडळींनी? आम्ही तर कुणालाच बोलावलं नाही."

"तुम्ही कशाला त्रास घेता? ते सगळं बघतात."

दुपारी पिनरच्या घराची बेल वाजली. दारात केकवाला. या वेळी हात रिकामे होते. तेव्हा कळलं, मामांना घेऊन गेलेली मंडळी ती हीच. अंत्यविधीचं दुकान चालवणं हा याचा धंदाच.

आता इथे आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. नागपूरच्या आमच्या वस्तीत कुणी गेलं की शेजारची माणसं न बोलावता येतात. कुणी बांबू आणतं, कुणी पाणी तापवतं, कुणी रडणाऱ्या बाईला धरून बसतं. "तू काही बघू नकोस, आम्ही आहोत," म्हणतात. त्यांना कुणी भाव विचारत नाही आणि नको म्हणत नाही. या गृहस्थानं मामींसमोर बसून नेमकं तेच वाक्य, तसल्याच हळू आवाजात म्हटलं. मामींनी त्याला शेजारी मानलं. चहा दिला, "भाऊ" म्हणाल्या, आणि तो जे जे विचारील त्याला मान डोलावत गेल्या. मी आत नागपूरला नातेवाइकांना फोन लावत होते. बाहेर येईपर्यंत कप रिकामा झाला होता आणि तो उठला होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पंडितजींची वेळ मिळालीये. एशियन पॅकेजमध्ये तूप, नारळ, भगवं वस्त्र, सगळं आलंच. डॉक्टरसाहेबांना संध्याकाळी तयार करायला घेऊ.

मामी जिन्याच्या पायरीवर बसल्या. "त्यांना टिळा लावतील गं ते. बोलता येत नाही ना आता त्यांना. मी कशाला मान हलवत बसले?"

"मामी, कोट घाला," मी म्हटलं.

त्याचं ऑफिस वॉटफर्डमध्येच होतं, बसस्टॉपसमोरचं नव्हे, दुसरं. काचेत प्लॅस्टिकच्या लिलींची एक अवाढव्य कुंडी होती. मी ती बाजूला सरकवली. मागे यादी होतीच. मामांना नेणं, ठेवणं, पेटी, गाडी, सगळं सुटंसुटं मांडलेलं. कुणीही काही ठरवण्याआधी ही यादी त्याच्यासमोर यायला हवी, आणि भाव ताडून बघता यावेत म्हणून ती सगळीकडे एकाच साच्यात असते. मामींच्या समोर ती आलीच नव्हती.

आत गालिचा इतका जाड की पावलं वाजेनात. भिंतीमागे फ्रिज घुमत होता. मामी त्या भिंतीकडेच बघत राहिल्या.

"आम्हाला पॅकेज नको," मी म्हटलं. "आम्ही त्यांना दुसरीकडे हलवतोय."

"बाईसाहेबांनी माझ्यासमोर होकार दिलाय," तो अजूनही हसतच होता. "आणि मुळात घरच्यांच्या सांगण्यावरूनच होमनं आम्हाला बोलावलं."

"माझ्या सांगण्यावरून?" मामींचा आवाज फुटला. "मी तर तुमचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं, भाऊ!"

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण तुमचा जीव टांगणीला लागलाय हे मला दिसतंय. मामांना त्याच दुपारी दुसऱ्या फ्युनरलवाल्याच्या गाडीतून तिथून हलवलं. पांढऱ्या कपड्यांत गेले ते. मामींनी स्वतः त्रिसरण सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीला आवाज गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी उचलून धरलं. केअर होमनं धंदा मिळवून द्यायचा आणि त्याबद्दल काही घ्यायचं, याला इथे सक्त मनाई आहे, हे मला नंतर कळलं. तक्रार केली. होममध्ये मात्र अजून बरेच म्हातारे बसलेत.

पण त्या दिवशी माझ्या वाचनामुळे किंवा वक्तृत्वामुळे काही घडलं नाही. होमनं घरच्यांच्या सांगण्यावरूनच बोलावलं हे पटवायला केकवाल्यानं आमच्यासमोरच मॅनेजरबाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि शांतपणे म्हणाला, "डॉक्टरसाहेबांच्या पत्नी त्यांना दुसरीकडे न्यायचं म्हणतायत." आम्ही तिथेच बसलोय हे सांगायला तो तोंड उघडतोय, एवढ्यात पलीकडून बाई किंचाळल्या:

"अहो, थांबवा त्या बाईला, नाहीतर तुम्ही कबूल केलेली आमची मिनीबस गेली!"