स्वतःच्या घराची मोजणी

मोजणीदारांनी चौतीस वर्षं लोकांची घरं मोजली, पण स्वतःच्या घराचा कागद कधी उघडून पाहिला नाही. निवृत्त झाल्यावर ते दिवसभर घरातच येरझाऱ्या घालू लागले, तेव्हा बायको वैतागून म्हणाली, "अहो, गावाच्या भिंती मोजून झाल्या, आता या घराचा इतिहास तरी लिहा. निदान टेबलाशी बसाल."

त्यांना कल्पना आवडली. जुन्या कचेरीत जाऊन त्यांनी आपल्या सहा घरांच्या ओळीचा मूळ नकाशा काढून घेतला आणि तिथल्याच बाकावर पसरला.

नकाशात विहीर एक नंबरच्या घराला लागून होती. प्रत्यक्षात ती सहा नंबरच्या शेजारी आहे. विहिरी जागा बदलत नाहीत, एवढं मोजणीदारांना अनुभवानं ठाऊक होतं. म्हणजे अख्खी ओळच उलटी काढलेली. झाडाच्या सावलीत बसायला मिळावं म्हणून कोणीतरी दक्षिणेकडे तोंड करून बसलं होतं आणि उत्तरेचा बाण मात्र सवयीनं वर काढून, डावीकडून नंबर घालून मोकळं झालं होतं.

"कोण हा गाढव?" ते मोठ्यानं म्हणाले. कारकुनानं मान वर केली.

खाली सही होती. त्यांचीच. नोकरीच्या पहिल्या वर्षाची, शेपटीला ऐटदार वळण असलेली.

मोजणीदारांना पाणी द्यावं लागलं.

खरेदीखतं याच नकाशावरून झाली होती. मोजणीदारांचं खत दोन नंबरचं, म्हणजे विहिरीपासून दुसऱ्या घराचं. त्या घराच्या दारावर पाच नंबर होता आणि तिथे एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. सारी ओळ त्यांना बाई म्हणे. आणि बाईंचं खत मोजणीदार ज्या घरात संसार करत आले होते, त्याचं.

घरी सांगितलं तर बायको धपकन खाली बसली. मग म्हणाली, "म्हणजे ती तुंबणारी मोरी इतकी वर्षं त्यांची होती?"

रात्रभर खल झाला. गप्प बसावं, कोण बघतंय, असं बायकोचं मत. मोजणीदार सकाळी एक अर्ज लिहून, तो खिशात घालून बाईंकडे गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "हे घर तुमचं?"

"कागदावर."

बाई उठल्या. खिळ्यावरचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "घ्या मग. माझी भिंत चार बोटं पुढे आली म्हणून पाडायला लावलीत, तेव्हा काय म्हणाला होतात? कागद खोटं बोलत नाही."

मोजणीदारांना चार बोटं आठवली.

"बाई, मी लाज आणली," ते म्हणाले. जुडगा त्यांनी हळूच परत सरकवला आणि अर्ज उलगडला. "चूक माझी, हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. नकाशा सुधारायला सहाही घरांच्या सह्या लागतील."

बाईंनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला. "तुमची सही कुठाय?"

"करतो."

हजारो नकाशांवर सही केलेला हात आता कागदावर टेकेना. शेवटी उमटली ती साधी, शेपटीशिवाय. बाईंनी तिच्याखाली आपली केली.

"उरलेल्या चौघांना मी सांगते," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर आता कोण विश्वास ठेवणार?"