कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग, वहिनींच्या आवाजासकट

आधी माझ्या थोरल्या वहिनींबद्दल लिहितो, कॉन्सर्टचं नंतर. सांगलीतल्या त्यांच्या घरात त्यांनी हट्ट धरला नसता, तर आमच्या फॅन ग्रुपवरची मंडळी आज जे रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावतात ते कुठंच उरलं नसतं. हे मी छातीठोक सांगतो. एरवी मी छातीठोक काही सांगत नाही. दुकानाला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस आहे मी.

मी औंधजवळचा. नववीत शाळा सोडली आणि आमच्या भागातले पुष्कळजण जातात तसा गलाईच्या धंद्यात तामिळनाडूत आलो. गलाई म्हणजे सोनं गाळून शुद्ध करणं. या गल्लीत ओळीनं आमचीच दुकानं आहेत, विट्याची, आटपाडीची, खटावची माणसं. भट्टीपाशी दिवस काढायचा तर कानाला काहीतरी लागतंच. कुणी कीर्तन लावतो, कुणी लावण्या. मला आणि शेजारच्या दुकानातल्या आटपाडीच्या मित्राला एका मराठी रॉक बँडचं वेड लागलं. ब्लोअरच्या घरघरीला पुरून उरतील असे त्यांचेच ड्रम होते.

बँड मोडणार आणि शेवटची कॉन्सर्ट टीव्हीवर थेट दाखवणार असं कळलं, तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं. रेघी वहीची दोन पानं, हातानं. तुमची गाणी ऐकत आम्ही इथं सोनं गाळतो, असं काहीबाही. टाकलं आणि मग आठवडाभर वाटत राहिलं, उगाच टाकलं.

कॉन्सर्टच्या दिवशी संध्याकाळी दुकान आवरत होतो, तेवढ्यात एक म्हातारे सराफ सोनं घेऊन आले. आमच्यात रीत आहे: गिऱ्हाइकाचं सोनं मुशीत पडलं की ते ओतून त्याच्या हातात देईपर्यंत भट्टीपुढनं उठायचं नाही. देवाची आरती असली तरी नाही. मी उठलो नाही. खोलीवर पोचलो तेव्हा टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

मित्र दारातच ओरडला, "आरं गड्या, तुझं पत्र वाचलं त्या गायकानं! शेवटच्या गाण्याच्या आधी!"

"थापा मारू नको."

"आईशप्पत!"

पण हा मित्र पाटणच्या डोंगरात उडता साप बघितल्याचंही आईच्या शपथेवरच सांगतो. तरी आनंदाच्या भरात मी फॅन लोकांच्या ग्रुपवर लिहून बसलो. लगेच उत्तरं सुरू. एक म्हणाला, तो नुसते आभार मानत होता. दुसरा म्हणाला, तेव्हा जाहिरात लागली होती. पुण्याच्या एकानं लिहिलं, "गलाईवाला आणि रॉक? भट्टीचा धूर डोक्यात गेला वाटतं." काही महिन्यांनी बँडनं स्वतःचं रेकॉर्डिंग बाहेर काढलं. त्यात गाण्याला गाणं जोडलेलं, मधलं सगळं बोलणं कापलेलं. त्या दिवसापासून माझं नाव 'पत्रवाले' पडलं. मी ग्रुपवर लिहायचं सोडलं. चेष्टेचं एवढं काही नव्हतं. नववीत शाळा सोडलेल्या माणसानं लिहिलेलं चार लोकांसमोर मोठ्यानं वाचलं गेलं की नाही, एवढं मला स्वतःपुरतं कळायला हवं होतं.

अशातच एकदा फोनवर वहिनी सहज म्हणाल्या, "भावजी, तुमी सांगिटलं हुतं म्हणून ती कॉन्सर्ट पेन ड्राइव्हवर धरून ठिवलीया. कवा नेताय?"

मी त्यांना सांगितलं होतं हेच विसरलो होतो! केबलच्या डब्याला पेन ड्राइव्ह लावला की रेकॉर्ड होतं, हे त्यांना आपल्या मालिकांमुळं पाठ.

आमच्यात कुरिअर कुणी करत नाही. गावाहून येणाऱ्याच्या पिशवीत वस्तू घालायची. शेंगदाण्याच्या चटणीच्या पुडक्यात पेन ड्राइव्ह आला. दुकानातल्या टीव्हीला लावला, काही नाही. मित्राच्या टीव्हीला लावला, काही नाही. कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलं, ज्या डब्यावर रेकॉर्ड केलंय त्याच डब्यावर हे उघडणार. सोनं कुठल्याही भट्टीत वितळतं, तसं रेकॉर्डिंग कुठल्याही टीव्हीवर वाजणार, असं मी धरून चाललो होतो.

लगेच सांगलीला फोन लावला. भाऊ फौजेतून निवृत्त. तो म्हणाला, "उद्याच केबलवाला डबा बदलायला येतोय. जुना जमा, नवा इश्यू."

तेवढ्यात वहिनींनी फोन घेतला. "त्यो डबा कुटं जातोय बघतेच मी. तुमी जेवा."

दुसऱ्या दिवशीची गोष्ट भावानं मला हसत हसत सांगितली. वहिनींनी डबा ज्वारीच्या कोठीत पुरला होता.

"डबा हरवलाय," त्या केबलवाल्याला म्हणाल्या.

"आवं काकी, डबा कसा हरवंल? टीव्हीला जोडलेला असतोय."

"माझ्या घरात हरवतोय. तुझ्या घरात कायबी हरवत न्हाई व्हय रं?"

जुना दिल्याशिवाय तो नवा देईना, आणि जुन्यावर चॅनल दिसायचे बंद झाले. पेन ड्राइव्ह विट्याला निघालेल्या एकाच्या पिशवीतनं परत सांगलीला पोचेपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढे दिवस वहिनींनी मालिका सोडल्या. भाऊ क्रिकेट बघायला शेजारी जाऊन बसायचा, आणि त्याबद्दल रोज ऐकवायचा.

पेन ड्राइव्ह मिळाल्यावर वहिनींनी कोठीतला डबा काढून पुसला, जोडला, फोन चपातीच्या डब्याला टेकवला आणि टीव्हीचं शूटिंग करून मला पाठवलं.

मी ते दुकानात उभ्यानंच बघितलं. शेवटच्या गाण्याआधी गायकानं खिशातनं घडी केलेला कागद काढला. रेघी. तामिळनाडूत सोनं गाळणाऱ्या एका माणसाचं पत्र आहे, असं म्हणून वाचायला लागला. तेवढ्यात मागनं भावाचा आवाज, "आगं, च्या ठिवलास का?" आणि त्यावर वहिनींचा, "गप बसा की वो! आपलं भावजी हायती!"

त्या आवाजाखाली माझं एक वाक्य गेलं. त्यानं वाचलेली बाकीची चार स्वच्छ ऐकू येतात. वाचून झाल्यावर पब्लिकनं टाळ्या वाजवल्या, त्याही ऐकू येतात.

मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, "आता उडत्या सापाचं बोला."

ग्रुपवर टाकलं. मग पुण्याच्या त्यानं लिहिलं, "मालक, चुकलं." आता कुणी नवीन ग्रुपवर आला की जुने त्याला सांगतात, बँडचं साफ रेकॉर्डिंग आहेच, पण आधी 'वहिनीवालं' ऐक. परवा एकानं तर त्यातलं "गप बसा की वो" कापून मोबाइलची रिंगटोन केली.

वहिनींना विचारलं, तुम्हाला काय पाठवू? साडी, स्टीलचा डबा?

"काय नगं. पर त्यो मागं बसून बडवत हुता न्हवं, लय कष्टाचं काम त्येचं. त्येला एकदा समोर बघायचाय."

वहिनी, तो ड्रमर आता दुसऱ्या बँडमध्ये वाजवतो, मी चौकशी केली आहे. तो सांगली, कोल्हापूर, पुणे, जिथं कुठं वाजवायला येईल तिथं मी सुट्टी टाकून येईन आणि तुम्हाला त्याच्या समोर, पहिल्या रांगेत नेऊन बसवीन. हा शब्द दिला.