माझं निरंक

आमच्या कॉलनीत टेनिस खेळणारी माणसं दोनच, मी आणि माझी बायको. त्यातलं चांगलं खेळणारं माणूस एकच. ते कोण, हे सांगायची मला कधी लाज वाटली नाही. कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो.

अंबड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात माझी नोकरी. कॉलनीच्या मागच्या अंगाला सिमेंटचं टेनिस कोर्ट आहे. कुण्या जुन्या साहेबाने हौसेने बांधून घेतलेलं. साहेब बदलून गेले, कोर्ट राहिलं, आणि त्यावर मिरच्या वाळायला लागल्या. मी आधी गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारत शिकलो. मग पलीकडून चेंडू परत मारायला माणूस हवं, म्हणून बायकोच्या हातात रॅकेट दिली.

ती पिंपळगाव रेणुकाईकडची. घरात पूर्वी मेंढरं होती, पुढे शेती आली. तिचं लहानपण मचाणावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं हाकलण्यात गेलेलं. गोफण फिरवून तयार झालेला तो हात सर्व्हिसला असा काही बसला, की पहिल्याच दिवशी चेंडू माझ्या कानाजवळून गेला आणि मी खाली बसलो. थोड्याच दिवसांत मी हरायला लागलो आणि मग नेमाने हरत आलो. तिला टेनिसमध्ये बक्षीस मिळाल्याचं मी सासरी फोन करून कळवलं, तेव्हा मेव्हण्याने विचारलं, "बॅटिंगचं का बॉलिंगचं?" त्यांच्याकडे टेनिस म्हणजे टेनिसच्या चेंडूने खेळायचं क्रिकेट.

टेनिसमध्ये शून्याला 'लव्ह' म्हणतात, हे मी तिला सांगितलं त्या दिवशी ती भडकलीच. "आसलं काही मी हितं वरडणार न्हाई," म्हणाली. तिचंही बरोबर होतं. कोर्टाला लागून केमिस्ट साहेबांच्या घराचा ओटा आहे आणि संध्याकाळी तिथं बायका भाजी निवडत बसतात. त्यांच्यासमोर नवरा-बायकोने एकमेकांकडे बघून 'लव्ह, लव्ह' ओरडायचं म्हणजे कॉलनीला वर्षभराची करमणूक. मग मी ऑफिसातला शब्द घरी आणला. अहवालात ज्या रकान्यात लिहायला काहीच नसतं तिथं आम्ही 'निरंक' लिहितो. तेव्हापासून आमच्या कोर्टावर पंधरा-निरंक, तीस-निरंक असं सुरू झालं. बहुतेक वेळा निरंक माझंच असायचं.

तिचा गुडघा गेला तो जालन्यात, मोठ्या वयाच्या बायकांच्या एका सामन्यात. जिंकत होती. आडव्या चेंडूला ती वळली, पाऊल जागीच राहिलं आणि वरचा पाय फिरला. ऊस मोडल्यासारखा आवाज आला. तो मला बाकावर बसल्या जागी ऐकू आला आणि अजूनही कधी कधी येतो.

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "चालाल, जिने चढाल, सगळी कामं कराल. खेळाचं मात्र आता विसरा."

"चालाय तर मला आधीपासून येतं, डॉक्टर," ती म्हणाली. "खेळायचं कवा, ते सांगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. या बाईला समजावणं माझ्या हातात असतं तर मी इतकी वर्षं हरलो असतो का?

पायाला वजन बांधून तो उचलायचा, असा व्यायाम होता. त्यासाठी पट्टे विकत मिळतात. हिने जुन्या परकराची पिशवी शिवली, तिच्यात ज्वारी भरली आणि ती घोट्याला बांधली. पाय जसा बळकट होई तशी पिशवीत मूठ मूठ ज्वारी वाढे. घरातलं भाकरीचं पीठ संपलं तरी त्या ज्वारीला हात लावायची माझी टाप नव्हती. भेटायला येणाऱ्या बायका चहा पिता पिता म्हणायच्या, "आता तुमचं नातवंडं खेळवायचं वय झालं." ही पाय उचलत म्हणायची, "आधी मला तर खेळू द्या."

सगळे दिवस असे तोऱ्यात गेले नाहीत. एकदा न्हाणीच्या उंबऱ्याला तिचा पाय अडला. पडली नाही, पण भिंतीला धरून उभी राहिली आणि रडायला लागली. "ह्या पायानं मला फशिवलं," एवढंच म्हणत राहिली. मला फार वाईट वाटलं, आणि मी मनाशी ठरवलं की ही पुन्हा कोर्टावर आली तर तिला दुखेल असं काही करायचं नाही.

ती आली, पण वेळ लागला. आधी कोर्टावर खुर्ची टाकून बसायची आणि मी हाताने टाकलेले चेंडू मारायची. मग उभी राहून. मग दोन पावलं इकडे, दोन तिकडे. पुढच्या गळीत हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडली, उसाच्या गाड्यांची रांग लागली, आणि एका संध्याकाळी ती म्हणाली, "आज गुण मोजायचे."

हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी सगळ्या कॉलनीवर पडते. दोरीवरचे कपडे, तुळस, कोर्ट, सगळं काळपट. सकाळी झाडलेलं संध्याकाळी पुन्हा तसंच. एरवी आम्ही झाडून मगच खेळतो, पण त्या दिवशी तिला घाई होती. खेळ सुरू झाला आणि ती जिंकायला लागली. पंधरा-निरंक. तीस-निरंक. चाळीस-निरंक. मला इतका आनंद झाला की मी ओट्याकडे बघून हसलो. दुसरा गेमही तिचाच चालला होता, तेवढ्यात ती थांबली. रॅकेट काखेत धरून, जाळीला वळसा घालून, हळूहळू माझ्या बाजूला आली.

"माझ्याकडचं बघा," ती म्हणाली. तिच्या बाजूला काजळीत पावलंच पावलं उमटली होती. एक पाऊल स्वच्छ, दुसऱ्याच्या मागे ओढल्याची रेघ. "आन् हे तुमच्याकडचं."

माझ्या बाजूला सगळी काजळी जशीच्या तशी होती. मधोमध माझ्या बुटांचे ठसे, जिथे मी उभा होतो तिथले.

"तुम्ही खेळून राह्यले, का मला खेळवून राह्यले?"

"अगं, तुझा गुडघा..."

"गुडघा माझा हाय, त्याचं मी बघते. मला खोटं निरंक बिलकुल चालणार न्हाई. हरवायचं तं बराबर हरवा."

नवरा म्हणून याहून अवघड काम मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी खरं खेळलो. तिला कोपऱ्यात पळवलं, जाळीजवळ ओढलं, ती पोचली नाही की गुण घेतले. ओट्यावरून ऐकू येईल असं बायका बोलायच्या, "काय माणूस हाय! लंगड्या बायकोला पळवून राह्यला." मी मान खाली घालून सर्व्हिस करायचो. आणि पलीकडून ती स्वतःच, त्या बायकांपेक्षा मोठ्याने, गुण सांगायची, "माझं निरंक!" त्या आवाजात रडगाणं नव्हतं. खरं सांगतो, तिच्या बक्षिसांचा मला झाला नसेल इतका अभिमान मला त्या निरंकांचा वाटायचा.

हंगाम संपला, उन्हाळा गेला, पावसात कोर्टाला शेवाळ धरलं ते आम्ही दोघांनी घासून काढलं. तिला एखादा गुण मिळायला लागला, मग एखादा गेम. जिंकली की ती माझ्याकडे रोखून बघायची, मी शपथ घ्यायचो, ती मान हलवायची. विश्वास बसलेला नसायचा.

पुन्हा चिमणी पेटली. एके दिवशी मी झाडू घेऊन निघालो तर ती म्हणाली, "राहू द्या. आज झाडू नका." मी समजून गेलो. आज तपासणी गुडघ्याची नव्हती, माझी होती.

त्या दिवशी मी जीव तोडून पळालो. पन्नाशीच्या माणसाने पळू नये इतका. ती चेंडू डाव्या कोपऱ्यात टाकायची, मी पोचेपर्यंत उजव्या. पंधरा, तीस, चाळीस, आणि माझ्या नावावर काही नाही. शेवटचा चेंडू तिने जाळीच्या अगदी जवळ अलगद सोडला. मी धावलो, घसरलो, रॅकेट चेंडूपासून वीतभर लांब आपटली आणि मी बसलो सिमेंटवर.

ती जाळीला वळसा घालून आली. भराभर आली, दोन्ही पावलं सारखी टाकत. माझ्याकडे न बघता तिने माझी बाजू बघितली. बैल सुटून भाजीच्या वाफ्यात शिरल्यासारखी सगळी काजळी तुडवलेली होती, आणि शेवटी मी घसरलो त्याची लांबलचक रेघ. ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बराबर हाय," ती म्हणाली, आणि मला उठवायला हात दिला.

ओट्यावरून कुणीतरी विचारलं, "काय झालं हो? काय गुण झाले?"

ती तोंड उघडायच्या आत मी उभा राहिलो. पँट मागून काळी झालेली, छाती धापा टाकत होती. सगळ्या ओट्याला, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडलो, "माझं निरंक!"