माय खाणीच्या रस्त्यावर बसली तेव्हा

वांकिडीच्या पुढं, आंध्राच्या हद्दीत, जंगलाच्या कडेला आमचं गाव. गावामागं एक बुटका डोंगर होता, त्याच्या अंगाला कोलाम आदिवासींची वस्ती, म्हणजे गुडा, आणि गावाच्या न् गुड्याच्या मधे एक बारमाही झरा. आमची वांगी-मिरचीची वाडी त्याच पाण्यावर व्हायची. कोलामांचा देव झऱ्याशेजारी मोहाच्या झाडाखाली होता. कापसाची वेचणी सुरू करण्याआधी आमच्या घरचाही नारळ तिथं फुटायचा.

ऐंशीचं दशक संपता संपता त्या डोंगरावर गिट्टीची खाण आली. आधी गाव खूशच होतं. माझा मोठा भाऊ दहावी नापास होऊन घरी बसला होता. तो खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला आणि पुढं ड्रायव्हर झाला. पहिल्या पगारात त्यानं मायला लुगडं आणलं. ते नेसून ती उगाचच चार घरी जाऊन आली.

मग सुरुंगांनी घरांच्या भिंतींना तडे जाऊ लागले. वांग्याच्या पानांवर पांढरी पूड साचायची, फुलं गळायची. झऱ्याची धार बारीक होत गेली. बाबा चार माणसं घेऊन तहसीलीत गेले. डोंगर सरकारी आहे, गावाचा त्यावर काही हक्क नाही, असं साहेबानं तेलुगूत सांगितलं आणि शिपायानं तेच पुन्हा उर्दूत समजावलं. ठेकेदार गुड्यावर जाऊन म्हणाला, तुमच्या देवाला सडकेवर सिमेंटचा ओटा बांधून देतो. गुड्याच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं त्याला विचारलं, देव या झऱ्याचं पाणी पितो, सडकेवर काय पिणार? ठेकेदार हसला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कोलामांच्या बायका खाणीच्या रस्त्यावर येऊन बसल्या. आमच्या गावातून सगळ्यात आधी माय निघाली. पोरगा तिथंच कामाला आहे, याची बाबांनी तिला आठवण करून दिली. तिनं भाकरी फडक्यात बांधल्या, मला सोबत घेतलं आणि जाऊन त्या बायकांच्या पुढं बसली.

ट्रक थांबून राहिले. पुढं बसलेली बाई कुणाची माय आहे, हे ठेकेदाराला ठाऊक होतं. त्यानं मुद्दाम भावाचाच ट्रक पुढं काढायला लावला. इंजिनाची गरम वाफ तोंडावर येईल इतका जवळ आणून भावानं तो थांबवला आणि खाली उतरला.

"माय, ऊठ. काऊन माझ्या पोटावर पाय देऊन राह्यली?"

मायनं विचारलं, "जेवला का तू?"

त्यानं वाकून तिचा दंड धरला.

"मी उठत नाई, बाबू. तुले गाडी घालाची असंन तर घाल."

त्यानं दंड सोडला. मग त्यानं चावी खाणीच्या मुनशीच्या हातात दिली आणि गावाकडं चालू लागला. आमच्यात येऊन तो बसला नाही. त्याच आठवड्यात तो कपडे घेऊन बल्लारपूरला निघून गेला.

बायका पावसाळाभर बसल्या. पोलिसांनी उचलून नेलं की सुटून आल्यावर पुन्हा बसायच्या. पुढं एका वकिलानं हैदराबादच्या कोर्टात दाद मागितली आणि दोनेक वर्षांनी खाण बंद झाली. तोवर अर्धा डोंगर गेला होता, झरा कोरडा पडला होता. कोलाम आपला देव उचलून पलीकडच्या जंगलात निघून गेले. ज्यांची मजुरी बुडाली त्या घरच्या बायका बोअरिंगवर मायशी बोलेनाशा झाल्या. वाडी मोडून बाबांनी तिथं कोरडवाहू ज्वारी पेरली.

त्या हिवाळ्यात माय भावाला आणायला बल्लारपूरला गेली. त्यानं तिला हॉटेलात चहा पाजला, येतो मात्र म्हणाला नाही. बसमध्ये बसवून दिलं आणि बस सुटायच्या आधीच वळून गेला. माय घरी आल्यावर बाबांनी तिला विचारलं, काय म्हणाला?

ती पाय धुवत होती. म्हणाली, "वाळला जी पोरगा."

मग तिनं चूल पेटवली आणि त्यानंतर त्याच्याबद्दल आमच्या घरात फारसं कुणी बोललं नाही.