घरच्या माणसाचा पहिला घोट

माझ्या पुतण्याची व्होडका आता मुंबईच्या बड्या लग्नांत जाते. तांदळाची, तांब्याच्या भांड्यात थोडी थोडी काढलेली. कारखाना नाशिककडे, लायसन्सचा. खोकी मात्र आमच्या वडपे गावातल्या गोदामातून निघतात. माल कमी निघतो म्हणूनच लोक मागे लागतात, असं तो सांगतो. दरवेळचा नमुना तो तपासायला पाठवतो आणि अहवाल आल्याशिवाय एक बाटली हलू देत नाही. त्याच्या या काटेकोरपणाचं सगळे कौतुक करतात. त्यामागचं कारण गावात सगळ्यांना माहीत आहे, पण ते खोटं आहे. म्हणून हे लिहितो आहे.

माझी वहिनी, म्हणजे त्याची आई, शेलार गावात ओढ्याकाठी भट्टी लावायची. काळा गूळ, नवसागर, मातीचं मडकं. धंदा बेकायदा, पण तिचा एक नियम होता. नवा माल निघाला की गिऱ्हाइकांसमोर आधी घरच्या माणसाने घोट घ्यायचा. पेला माझ्या भावाकडे जायचा, मग माझ्याकडे. त्या भरवशावर गावोगावच्या हळदींना तिचीच दारू जायची.

एका लग्नसराईत मागणी पुरेना. मी तेव्हा नारपोलीत कापडाच्या लूमवर होतो. ओळखीच्या गोदामातून मशीन पुसायच्या स्पिरिटचा एक डबा आणला आणि वहिनी पाण्याला गेली असताना तयार मालाच्या मडक्यात ओतला. माल वाढेल, घर खूश होईल, एवढंच डोक्यात होतं. मग पेला फिरला. भावाने घेतला. मी म्हणालो, "मला ड्युटी आहे." ड्युटी खरोखरच होती. पण एरवी ड्युटी असली तरी मी घोट घेत असे.

भावाला आधी दिसेनासं झालं, मग तो गेला. दुसऱ्या दिवशी माल हळदीला जायच्या आतच तो कळवळला, म्हणून बाकीचे वाचले. पोलिसांनी वहिनीला नेलं. मी पोराला नारपोलीला आणलं, शिकवलं. आईच्या हाताने बाप गेला, हे त्याला मी सांगितलं नाही, गावाने सांगितलं. मी ते खोडलंही नाही. वहिनी सुटून आली, तेव्हापासून त्याने कधी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. शेलारला एकाच घरात राहून स्वतःचा चहा तो स्वतः करायचा.

गेल्या महिन्यात त्याने मला शेलारला बोलावलं. टेबलावर नवी बाटली होती.

"काका, बाटलीच्या मागे घरची गोष्ट छापायचीय. चव सगळ्यांची सारखीच असते हो, गिऱ्हाइकाला गोष्ट लागते. ती भट्टीची नको. तुमचं काहीतरी सांगा." ग्लास पुढे सरकवून हसला, "आणि आधी तुम्ही. घरचा रिवाज."

वहिनी दारात सुपात तांदूळ निवडत होती. ग्लास माझ्याच्याने उचलवेना. मी डब्याचं सांगितलं. ओतल्याचं, पेला नाकारल्याचं, सगळं.

त्याने ग्लास मागे ओढला. मग आईकडे वळला. "तुला माहीत होतं?"

तिने सूप खाली ठेवलं नाही. "डबा न्हाय बघितला. पन रोज घेनारा मानूस, त्या दिशी न्हाय म्हनाला. तवाच कलला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तं काका पन आत गेले असते. तुला कोनी ठेवला असता? गावानं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, पोर मोठा झाल्यावर तरी सांगाल, असा वाटला होता."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"उठा," तो म्हणाला. "नाक्यावर रिक्षा मिळेल."

मी चपला शोधत होतो. आतून त्याचा आवाज आला, "आई, चहा ठेव."

इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"किती कप?" तिने विचारलं.

"दोन."